पुलावर फक्त तिलाच माहीत नव्हतं

स्पायडर-मॅनच्या वाचकांमधलं एक भांडण पन्नास वर्षं झाली तरी मिटलेलं नाही. पीटर पार्करसाठी खरी कोण, ग्वेन स्टेसी की मेरी जेन वॉटसन? आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हा वाद वर्षातून दोनदा तरी होतो, नवा सिनेमा आला की हमखास. दोन्ही बाजूंचे मुद्दे आता पाठ झालेत. ग्वेन म्हणजे सोनेरी केस, पीटरच्याच कॉलेजातली विज्ञानाची विद्यार्थिनी, पोलीस कॅप्टनची सालस मुलगी. मेरी जेन म्हणजे लाल केस, शेजारच्या काकूंची भाची, मॉडेलिंग आणि नाटकं करणारी, पार्टीत सगळ्यांत आधी नाचायला उठणारी. मग कुणीतरी म्हणतं, बायको म्हणून ग्वेन, मैत्रीण म्हणून मेरी जेन. या वाक्यावर आमच्या टीममधल्या मुली ज्या नजरेनं बघतात, ती बघितली की वाद तिथंच संपायला हवा. पण संपत नाही.

मला या वादाची पद्धतच खटकते. दोन रकाने काढायचे, गुण लिहायचे आणि बेरीज करायची. लग्नाच्या साइटवर फिल्टर लावतात तसं. नवा फोन घेताना असा तक्ता उपयोगी पडतो, कारण अधिक चांगला फोन दिसला की जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकण्यात काही गैर नाही. रॉबर्ट नॉझिक या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८९च्या आपल्या पुस्तकात प्रेमाबद्दल लिहिताना याच जागी बोट ठेवलंय. प्रेमात असलेला माणूस जोडीदार बदलून ‘वरचं मॉडेल’ घ्यायला तयार नसतो, समोरच्यात गुण जास्त असले तरी. गुणांमुळे ओढ सुरू होत असेल, पण एकदा नातं जडलं की प्रेम त्या माणसावर असतं, यादीवर नसतं. हे मान्य केलं तर रकाने बाद होतात. तरीही या दोघींमध्ये तुलना करण्यासारखं काहीतरी आहे असं मला वाटतं. ते केसांच्या रंगात नाही, एवढंच.

थोडा इतिहास लागेल. स्पायडर-मॅन १९६२मध्ये आला, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या हातून. पीटरची पहिली मैत्रीण या दोघींपैकी कुणीच नव्हती. ती होती बेटी ब्रँट, वर्तमानपत्राच्या संपादकाची सेक्रेटरी. ग्वेन १९६५मध्ये आली, ३१व्या अंकात, आणि आली ती चांगलीच तोऱ्यात. आजारी काकूच्या काळजीत असलेला पीटर आपल्याकडे बघत नाही याचाच तिला राग. मेरी जेनचं नुसतं नावच दीर्घकाळ येत राहिलं. काकू तिची भेट ठरवायच्या आणि पीटर टाळायचा. वाचकांना तिचा चेहरा दिसला १९६६च्या ४२व्या अंकात. तोवर डिटको गेले होते आणि चित्रं जॉन रोमिटा काढत होते. रोमिटा आधी प्रेमकथांच्या कॉमिक्समध्ये मुरलेले. त्यांच्या हातात दोघीही सुंदर झाल्या, आणि ग्वेनचा तोरा हळूहळू विरघळून गेला.

आणि मग जून १९७३, अंक १२१. लेखक जेरी कॉनवे, वय अवघं वीस. चित्रं गिल केन यांची. ग्रीन गॉब्लिन, म्हणजे पीटरच्या मित्राचा बाप नॉर्मन ऑसबॉर्न, ग्वेनला पळवून एका उंच पुलावर नेतो. (मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन, चित्रात मात्र ब्रुकलिनचा दिसतो, चाहते यावर वेगळं भांडतात.) तो तिला खाली ढकलतो. स्पायडर-मॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायाला अडकतं, ती हवेतच थांबते. वर ओढून घेतो तर ती मेलेली आहे. चित्रात तिच्या मानेजवळ बारीक अक्षरात एक आवाज लिहिलेला आहे, हाड मोडल्याचा. पुढं मार्व्हलनं वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना मान्य केलं की अचानक थांबण्याच्या झटक्यानं ती गेली.

जेम्स काकालिओस या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावरच्या पुस्तकात हा प्रसंग सोडवलाय. आपणही मोबाइलवर करू शकतो. साधारण ९० मीटर खाली पडलं की वेग होतो सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. तो अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा, तर शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या आठ-नऊ पटींचा झटका बसतो. जाळं जरा ताणू दिलं असतं, थांबायला वेळ दिला असता, तर कदाचित वाचली असती. पीटरनं पुढची कित्येक वर्षं हेच गणित मनात केलं.

माझ्या कामात रात्री-बेरात्री सिस्टिम पडली की दुसऱ्या दिवशी बसून कारण शोधावं लागतं. त्यात एक सवय लागते. शेवटची ओळ जिथं फुटली तिथं थांबायचं नाही, मागं जायचं. ती ओळ फुटण्याजोगी परिस्थिती आली कुठून? ग्वेनच्या बाबतीत सगळे चाहते जाळ्यापाशी थांबतात. मला मागं जावंसं वाटतं.

त्या पुलावर तीन माणसं आहेत. गॉब्लिनला ठाऊक आहे की स्पायडर-मॅन म्हणजे पीटर पार्कर. म्हणून तर त्यानं ग्वेनला उचललं. पीटरला अर्थातच ठाऊक आहे. ग्वेनला नाही. आणखी मागं जा. तिचे वडील कॅप्टन स्टेसी १९७०मध्ये, ९०व्या अंकात, कोसळत्या दगडविटांखालून एका मुलाला वाचवताना मेले. मरताना त्यांनी स्पायडर-मॅनला पीटर म्हणून हाक मारली आणि ग्वेनला सांभाळ म्हणाले. म्हणजे बापालाही ठाऊक होतं. ज्याला तिच्यावर सूड उगवायचा होता त्याला ठाऊक, ज्याचं तिच्यावर प्रेम होतं त्याला ठाऊक, ज्यानं तिला वाढवलं त्याला ठाऊक. जिच्या जिवावर बेतणार होतं, ती एकटी अंधारात. उलट तिची समजूत होती की आपल्या वडिलांना स्पायडर-मॅननंच मारलं. ज्या माणसाचा ती द्वेष करत होती आणि ज्याच्यावर तिचं प्रेम होतं, ते दोघं एकच आहेत हे न कळता ती गेली. पुलावर तर ती शुद्धीवरही नाही. स्वतःच्या मृत्यूच्या प्रसंगात तिच्या वाट्याला एक वाक्य नाही.

मधला एक प्रसंग मला पुलाइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वडील गेल्यावर ग्वेन लंडनला नातेवाइकांकडे निघून जाते. पीटर पैसे जमवून तिच्यामागं जातो. तिथं नेमकी गुंडांची भानगड उद्भवते आणि त्याला स्पायडर-मॅन व्हावं लागतं. आता पंचाईत. स्पायडर-मॅन लंडनमध्ये दिसलाय, आणि त्याच दिवशी पीटरही दिसला तर ग्वेन दोन आणि दोन चार करील. म्हणून तो तिला न भेटताच न्यूयॉर्कला परततो. एका समुद्रापलीकडून प्रेमासाठी आलेला माणूस गुपितासाठी परत जातो. ती तिकडं याला आपली आठवण येत नाही म्हणून झुरत बसते. या वेळी कुठलाही खलनायक तिच्या खिडकीत नव्हता. गुपित तिला कशापासून वाचवत होतं?

पीटरच्या बाजूनं बोलायचं तर त्याचं म्हणणं खोटं नाही. माहिती असणं हाही धोका असतो. शत्रूनं पकडलं तर न माहीत असलेलं माणूस काय सांगणार? शिवाय ती त्याचा द्वेष करते. सांगितलं तर ती सोडून जाईल. इथं मात्र थांबावंसं वाटतं, कारण एकाच वाक्यात दोन वेगळी कारणं शेजारी बसलीत. एक तिच्या जिवासाठी आहे, दुसरं त्याच्या सोयीसाठी, आणि ती दोन्ही ‘तिच्या भल्यासाठी’ याच नावाखाली वावरतात. पहिलं कारण तपासून बघायला सोपं आहे. धोका तिला माहिती असण्यातून येणार होता की शत्रूला असण्यातून? ऑसबॉर्नला कळलं त्या दिवसापासून ग्वेनच्या अज्ञानाचा सुरक्षेसाठी काडीचा उपयोग उरला नव्हता. तरी गुपित चालूच राहिलं. यावरून कळतं की ते दुसऱ्या कारणासाठी होतं.

‘तिच्या भल्यासाठी सांगितलं नाही’ हे वाक्य आपल्याकडं कुणाला नवं आहे? माझ्या आजोबांना कॅन्सर निघाला तेव्हा घरातल्या मोठ्यांनी आजीला सांगायचं नाही असं ठरवलं. तिला ब्लडप्रेशर, तिला झेपणार नाही. आम्ही नातवंडंसुद्धा सामील होतो. शेवटच्या आठवड्यात कळल्यावर ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?’ तिचं दुःख आजोबा जाणार याचं होतंच, पण ते सोडून आणखी एक होतं. पंचावन्न वर्षांच्या संसारातले शेवटचे पाच महिने तिनं एका वेगळ्याच घरात काढले होते, जिथं सगळं ठीक होतं. ते महिने तिला वेगळे घालवायचे होते का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. झेपलं असतं की नाही हा प्रश्न वेगळा. झेपवायचं की नाही हे तिनं ठरवायचं होतं.

हेच मोजमाप मेरी जेनला लावून बघू. १९७३च्या त्याच कथेच्या पुढच्या, १२२व्या अंकात शेवटी एक पान आहे. पीटर घरी येतो, मेरी जेन तिथं आहे. तो तिच्यावर खेकसतो, तुला कुणाच्या मरणाचं काय पडलंय, जा इथून. ती दारापर्यंत जाते. घुटमळते. आणि दार आतून लावून घेते. कॉनवेनं पुढं मुलाखतींत सांगितलंय की ग्वेन त्याला फार आदर्श वाटायची आणि मेरी जेन जास्त जिवंत. ते जिवंतपण याच पानावर पहिल्यांदा दिसतं. तिला जायला मोकळीक होती, आणि ती थांबली.

नंतरही ती कायम थांबणारी झाली नाही, हे मला विशेष आवडतं. १९७८मध्ये पीटरनं लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं नाही म्हटलं आणि निघून गेली. १९८४च्या अंकांत तिनं त्याला सांगितलं की तू कोण आहेस हे मला केव्हापासूनच ठाऊक आहे. तिचं घरही तेव्हा कळलं: मनासारखं लिहिता न आलेला, चिडून हात उगारणारा बाप, आणि त्या घरातून पळून येण्यासाठी चढवलेला हसरा मुखवटा. पीटरच्या मुखवट्याइतकाच घट्ट. शेवटी १९८७मध्ये त्यांचं लग्न झालं. मार्व्हलनं त्याची जाहिरात म्हणून न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर खऱ्या माणसांकडून लग्नाचा सोहळाही करवला आणि स्टॅन लीनं तो लावला. म्हणजे पूर्ण माहिती असताना नाही म्हणून झालं, आणि मग पूर्ण माहिती असतानाच हो. ग्वेनला यातलं एकही म्हणता आलं नाही. तिचं पीटरवर प्रेम कमी होतं असं नाही. पण ज्याच्यावर होतं तो माणूस अर्धाच होता.

इथं मेरी जेनच्या पारड्यात माप टाकून मोकळं होता आलं असतं. पण १९८९ची एक गोष्ट आडवी येते. कॉनवेनंच लिहिलेल्या त्या पुस्तकात कळतं की मेरी जेनला पीटरचं गुपित अगदी पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं. त्याच्या काकांचा खून झाला त्या रात्री तिनं शेजारच्या खिडकीतून स्पायडर-मॅनला त्याच घरातून बाहेर पडताना बघितलं होतं. मूळ अंकांत हे कुठंच नव्हतं, मागाहून जोडलेलं आहे. पण एकदा जोडलं की जुने सगळे अंक वेगळे वाचावे लागतात. कॉलेजच्या कॅफेत ग्वेन आणि मेरी जेन शेजारी बसल्यात. ग्वेन पीटरच्या प्रेमात आहे. तो कुठं गायब होतो, असा का वागतो म्हणून रडते. मेरी जेनला ठाऊक आहे. ती विनोद करते आणि विषय बदलते.

मग पुलावरच्या हिशेबात तीही आली. तिनं सांगायला हवं होतं का? गुपित पीटरचं, तिला ते अपघातानं कळलेलं; ते फोडायचा हक्क तिला कुठून? पण मैत्रीण धोक्यात आहे आणि तिला ते माहीत नाही, हे दिसत असताना ‘हे माझं गुपित नाही’ म्हणून गप्प बसणं कितपत चालतं? मित्राचं लफडं त्याच्या बायकोला सांगायचं का, या आपल्या नेहमीच्या पेचाची ही जास्त टोकदार आवृत्ती. माझं मत असं की पीटरला जाऊन ‘मला माहीत आहे, आता तू ग्वेनला सांग’ एवढं तरी ती म्हणू शकत होती. त्यात गुपित फुटलं नसतं. तिनं ते केलं नाही, कारण तसं म्हणायचं तर स्वतःचा मुखवटा आधी उतरवावा लागला असता. तेव्हा ती जेमतेम विशीची होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

गंमत म्हणजे चाहते मेरी जेनच्या अशा चुकांवर मजेत वाद घालतात, पण ग्वेनला चूक करू देत नाहीत. २००४-०५मध्ये एका कथेत दाखवलं की ग्वेनला ऑसबॉर्नपासून जुळी मुलं झाली होती. वाचक इतके संतापले की ती कथा आजही लोक दात-ओठ खात आठवतात. कथा वाईटच होती, पण त्या संतापात आणखी काहीतरी होतं. मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लागला की त्याला हार घालायचा असतो, प्रश्न विचारायचे नसतात. जिवंत बाई त्या फोटोशी स्पर्धा करूच शकत नाही. ती रोज चुकते.

आता उलटी बाजू. माहिती दिली म्हणून माणूस वाचतं का? २०१४च्या सिनेमात एमा स्टोनची ग्वेन सगळं जाणते. आधीच्या सिनेमात तिच्या वडिलांनी मरताना पीटरकडून वचन घेतलेलं असतं की तिला यातून लांब ठेव. म्हणजे दोन पुरुषांनी तिच्याबद्दल परस्पर ठरवलेलं. शेवटच्या लढाईआधी पीटर तिला पोलिसांच्या गाडीला जाळ्यानं चक्क बांधून ठेवतो. ती जाळं तोडते, तीच गाडी हाणत येते, कारण वीजपुरवठ्याची यंत्रणा कशी चालते हे तिला ठाऊक आहे आणि त्याला नाही. ती मरते. घड्याळाच्या मनोऱ्यात, तशीच पडून, जाळं पोचूनही. म्हणजे सत्य सांगण्यानं शेवट बदलला नाही. पण थिएटरमध्ये तेव्हा मला जे वाईट वाटलं ते १९७३चा अंक वाचताना वाटलं त्याहून निराळं होतं. एक बाई आपल्या कामावर असताना गेली. आधीची दुसऱ्याच्या कथेत सामान म्हणून गेली होती. दोन्ही मरणांत मान तशीच मोडली, तरी मी ती एका रकान्यात लिहिणार नाही.

याच कथेचा आपल्याकडचा अवतार सांगून टाकतो. २००४च्या भारतीय स्पायडर-मॅन कॉमिकमध्ये मुंबईच्या पवित्र प्रभाकरची मैत्रीण होती मीरा जैन; आद्याक्षरांवरूनच मेरी जेन ओळखू येते. २०२३च्या अॅनिमेशनपटात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेल्या मुंबटनमध्ये मात्र पवित्रची मैत्रीण आहे गायत्री सिंग, पोलीस इन्स्पेक्टरची मुलगी. म्हणजे ग्वेन. कोसळत्या दगडविटांखालून एका पोराला वाचवायला तिचा बाप धावतो, आणि माइल्स मोरालेस त्या बापालाच वाचवतो. त्यावर बाकीचे स्पायडर-मॅन भडकतात, कारण ते मरण म्हणे घडायलाच हवं होतं. कोण मरायला हवं यावर एवढी सभा भरते, त्या सभेत गायत्रीला कुणी बोलावत नाही.

एकदा विचारलंही गेलं होतं, हे सांगायला हवं. २००७ची ती कुप्रसिद्ध कथा, जिच्यात सैतान मे काकूच्या जिवाच्या बदल्यात पीटर-मेरी जेनचं लग्नच मागतो. चाहते तिला शिव्या घालतात, मीही घालतो. पण निर्णय दोघांनी मिळून घेतला, आणि आधी हो म्हणाली ती मेरी जेन. अट अशी की उद्या सकाळी दोघांनाही यातलं काही आठवणार नाही. विचारलं, आणि मग विचारल्याची आठवण पुसून टाकली. यापेक्षा क्रूर अट मला सुचत नाही.

शेवटचं एक पुस्तक. जेफ लोब आणि टिम सेल यांचं २००२-०३मधलं, निळ्या रंगाचं नाव असलेलं. लग्न झालेला पीटर व्हॅलेंटाइन डेला माळ्यावर बसून टेपरेकॉर्डरमध्ये ग्वेनशी बोलतो. आपण प्रेमात कसे पडलो, तू गेल्यावर काय झालं, सगळं. बोलत असताना मेरी जेन वर आलेली असते. तिनं ऐकलंय. आपण वाचक दचकतो, आता भांडण होणार. ती म्हणते की माझ्याकडूनही तिला नमस्कार सांग, मलाही तिची आठवण येते, आणि खाली निघून जाते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते मोठ्या मनाच्या बायकोचं वाक्य वाटलं होतं. १९८९चं पुस्तक वाचून झाल्यावर परत वाचलं तर तसं वाटेना. ग्वेनला सांगायचं राहिलेलं काहीतरी त्या घरात एकट्या पीटरपाशीच नव्हतं. टेप अजून फिरतच असते.